चिंचेच्या कोळाचा रंग

रक्त वाळताना कडेकडून काळं पडत जातं. मधे ओल राहते, कडेला काळसर रेघ धरते आणि ती रेघ हळूहळू आत सरकते. एनॅमलच्या वाटीत होतं ते तसं वाळत नव्हतं. सकाळी जयंतनी खोकून टाकलं तेव्हा जो रंग होता तोच दुपारी होता, कडेला आणि मधे सारखाच: गूळ घालून ठेवलेल्या चिंचेच्या कोळाचा. त्याला वास नव्हता. वाटी तिरपी केली की ते एकसंध, सावकाश ओघळे.

"रक्तच ते," शारदावहिनी दारातूनच म्हणाल्या. "क्षयात रक्त पडायचंच. निरखत काय बसलीस? फेक ते आणि फिनेल घाल."

"रक्त असं दिसत नाही, वहिनी."

"तुझ्या बेडकांचं नसेल दिसत."

मी मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. त्यामुळे घरात माझं कुठलंही म्हणणं शेवटी बेडकापाशी येऊन थांबायचं. घर वहिनींचं होतं, म्हणजे माझे थोरले दीर दिगंबर खांबेटे यांचं. विम्याचा व्यवसाय करत ते कलकत्त्यात वीस वर्षं मुरले होते. माझ्या यजमानांची, जयंतची, सरकारी नोकरीत इथे बदली झाली तेव्हा भाऊजींनी भवानीपुरातल्या घराचा वरचा मजला आम्हाला मोकळा करून दिला. "भाऊ असताना भाड्याची जागा?" एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला होता. भाऊजी विषय असेच संपवत.

आता त्रेपन्न सालचा फेब्रुवारी चालू होता आणि जयंतच्या दुखण्याचा विषयही त्यांनी संपवला होता. क्षय. डोंगरातल्या एका आरोग्यधामात त्यांनी ओळखीने खाट मिळवली होती. हावड्याहून गाडी, पुढे मोटार. रविवारी निघायचं.

दुखणं पौषात सुरू झालं. संध्याकाळी ताप, रात्री घाम, उजव्या बरगड्यांखाली कळ. पेनिसिलिनने काही झालं नाही. क्ष-किरणांच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढुरका डाग दिसला, थुंकीत क्षयाचे जंतू "क्वचित" सापडले आणि डॉक्टर सान्यालांनी स्ट्रेप्टोमायसिन सुरू केलं. त्यांची चूक झाली असं मी तेव्हाही म्हणत नव्हते. कलकत्त्यात ज्याला ताप, घाम आणि खोकला आहे त्याला क्षय आहे असं धरून चालावं. दहात नऊ वेळा ते बरोबरच निघेल.

मला दहावा खटकत होता. क्षय बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात घर करतो. इथे डाग तळाला होता. छाती आणि पोट यांमधला पडदा फोटोत उजवीकडे वर उचललेला होता, खालून कोणी खांदा लावावा तसा. शिवाय जयंतचा उजवा खांदा दुखे. खांद्याला काही झालेलं नव्हतं, पण त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि पडदा चिडला की दुखणं खांद्यावर उमटतं. पडद्याखाली असतं यकृत. जंतू "क्वचित" होते म्हणजे किती, आणि ज्या काचेवर ते सापडले ती काच आधी किती जणांच्या थुंकीसाठी धुऊन वापरली होती, हे विचारायला मी तपासणीच्या जागी गेले तर तिथल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची भांडी खरकटी आहेत असं म्हटलं.

मग एका सकाळी जयंत जोरात खोकले आणि ते तपकिरी जवळजवळ वाटीभर बाहेर आलं. पाठोपाठ ताप उतरला.

"लागू पडलं!" भाऊजी म्हणाले. ते संध्याकाळी संदेश मिठाईचा पुडा घेऊन आले. "बघ कालिंदी, तुझ्या शंकांवर सान्यालबाबूंचं इंजेक्शन भारी पडलं."

यकृतातलं गळू पडदा फोडून फुफ्फुसात आलं असेल, आत कोंडलेल्याला वाट मिळाली म्हणून ताप उतरला असेल, असं माझ्या मनात होतं. एकाच गोष्टीची दोन स्पष्टीकरणं होती. माझ्या स्पष्टीकरणाबरोबर मिठाई नव्हती. आठवडाभरात ताप परतला. तोवर सगळ्यांनी खाट, गाडी, गरम कपडे यांची चर्चा सुरू केली होती आणि त्या चर्चेत परतलेल्या तापाला कोणी जागा द्यायला तयार नव्हतं.

या सगळ्याच्या मागे एक नळ होता.

पुण्याला माझ्या माहेरी देव्हाऱ्यात गंगेचा गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. तो माणसाच्या शेवटच्या घटकेला फोडायचा. कलकत्त्याला आले आणि पाहिलं तर इथे गंगा नळाने येते. घरोघरी दोन नळ. एक गाळलेल्या पाण्याचा, पिण्यासाठी. दुसरा नदीतून तसंच ओढलेल्या गढूळ पाण्याचा, मोऱ्या नि अंगण धुवायला. शेजारच्या बंगाली बायका त्या दुसऱ्या नळाचं पाणी तोंडाजवळ नेत नसत. त्यांना नदी रोजची होती. आमच्या लोकांचं तसं नव्हतं. गंगा म्हटलं की आमचा हात आपोआप कपाळाकडे जाई.

भवानीपुरातल्या पंधरा-वीस मराठी घरांचा मिळून एक गणपती बसे आणि अनंत चतुर्दशीचं जेवण भाऊजींच्या देखरेखीखाली होई. मागच्या भाद्रपदात पंगत बसायच्या वेळेला पिण्याचा नळ कोरडा पडला. मठ्ठा घट्ट झालेला, लोक पानांवर बसलेले. भाऊजींनी दुसऱ्या नळाखाली घागर लावली.

"भाऊजी, तो धुण्याचा नळ," मी म्हटलं. मी पानं मांडत होते.

"गंगाच ना ती? गणपतीच्या प्रसादाला गंगा चालत नाही तर काय चालतं, सोडा वॉटर?"

सगळे हसले. मठ्ठा फर्मास झाला होता म्हणे. जयंत दोन वाट्या प्यायले. आमच्यातले सगळ्यांत वृद्ध श्यामराव धारप, त्यांनी तर वाटी पुसून घेतली.

पुढे पितृपक्षात आणि नवरात्रात घरोघरी पोटं बिघडली. जयंतचं महिनाभर चाललं, आव आणि रक्त. वहिनींनी कुटजारिष्ट दिलं, ते थांबलं. श्यामराव दिवाळीच्या आत गेले. "वय झालं होतं," असं सगळे म्हणाले. "हवा बदलली", "इथलं पाणी मानवत नाही", असंही म्हणाले. मठ्ठा हा शब्द कोणी काढला नाही. प्रसादाला नावं ठेवायची नसतात.

त्या मठ्ठ्यातूनच सगळं झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. आव आणणारा आणि आतड्यातून यकृतात शिरणारा अमीबा पोटात जायला या शहरात शंभर वाटा आहेत. पण महिनाभर पोट बिघडलेलं होतं, एवढं खरं होतं. मला तेवढंच हवं होतं. आणि नेमकं तेवढंच कोणी म्हणत नव्हतं.

डॉक्टर सान्याल पहिल्यांदा तपासायला आले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "या आधी काही आजार? पोट वगैरे?"

"छे, छे," भाऊजी म्हणाले. "आमच्या घरात पोटाचं दुखणं कोणालाच नाही. साधं, घरचं जेवण."

मी जयंतकडे पाहिलं. जयंतनी छताकडे पाहिलं. परक्या माणसासमोर थोरल्या दिरांना खोटं पाडायचं नाही, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण माझी जीभ ते शिकून बसली होती. ती त्या वेळी उचलली नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं.

सान्याल सभ्य माणूस. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "मिसेस खांबेटे, कलकत्त्यात कोणाचं पोट बिघडत नाही? तरी आपण शौचाची तपासणी करू."

तपासणीत काही निघालं नाही. यकृतापर्यंत पोचल्यावर आतड्यात बऱ्याचदा काही उरत नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "असंही होतं. पण काही नसतं तेव्हाही तपासणीत काही निघत नाही."

नंतर तो तपकिरी रंग आल्यावर मी पुन्हा गेले. त्यांनी वाटी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मला वाटलं, पटलं यांना. पण त्यांनी भाऊजींना निरोप धाडून बोलावलं आणि बंगालीत विचारलं, "दिगंबरबाबू, नीट आठवून सांगा. भावाला आव झाली होती का?"

"कोण म्हणालं?" भाऊजींनी माझ्याकडे न पाहता विचारलं. "दोन दिवस अपचन असेल. कालिंदी काळजीने हैराण झालीय, सान्यालबाबू. पुस्तकं वाचते."

भाऊजींच्या विम्याच्या गिऱ्हाइकांची तपासणी सान्याल करत. गेली दहा वर्षं ते भाऊजींच्या शब्दावर लोकांची प्रकृती लिहीत आले होते.

जयंतना विचारलं तर ते म्हणाले, "होतं थोडंसं. थोडंसं म्हणजे... दादा म्हणतोय तसंच."

पुस्तकं मी वाचतच होते. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की फुफ्फुसात फुटलेल्या यकृताच्या गळूची थुंकी अँकोव्ही सॉससारखी दिसते. मी जन्माची शाकाहारी. मी माझी सहकारी सुचित्रा हिला विचारलं.

"अँकोव्ही? आपल्या फ्याशा माशाची विलायती चुलत बहीण," ती म्हणाली. "पण सॉस? फ्याशाचा सॉस कोणी केला तर बाटलीसकट त्याच्या डोक्यावर ओतीन मी."

"रंग कसा असतो?"

"मला काय माहीत? साहेबांना विचार, ते गेले तेव्हा बाटली घेऊन गेले."

मी इतकी हसले की मला रडू आलं. सुचित्राने प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "कालिंदीदी, सूक्ष्मदर्शक आपला आहे. घेऊन ये ना."

क्षयाच्या तपासणीत थुंकी काचेवर पसरून आचेवर धरतात आणि रंगवतात. अमीबा त्यात मरतो, आणि मेलेला अमीबा म्हणजे नुसता ठिपका. तो ओळखायचा तर जिवंत हवा, अंगाच्या उबेत, सरपटताना. मी सकाळची थुंकी बाटलीत घेतली, बाटली कापसात गुंडाळून पोलक्याच्या आत धरली आणि ट्रामने निघाले. वाटेत एक मिरवणूक आडवी आली. ट्राम थांबली. घंटा वाजत राहिली, कोणीतरी घोषणा देत राहिलं, आणि मी बाटलीवर दोन्ही हात दाबून बसले. कॉलेजात पोचले तेव्हा बाटली माझ्या तळहाताइतकीसुद्धा उबदार नव्हती.

काचेखाली गोल, दाणेदार गोळे दिसले. ते अमीबा असू शकत होते. फुफ्फुसातल्या नेहमीच्या मोठ्या पेशीही असू शकत होत्या. सुचित्राने दिव्याने काच ऊन केली. आम्ही आळीपाळीने डोळा लावला. एकही गोळा हलला नाही.

"हलला म्हण," सुचित्रा हळूच म्हणाली. "काय बिघडतं? तुला खात्री आहे ना?"

खात्री होती. पण पाहिलं नव्हतं.

अमीबा हलताना दिसला का, असं सान्यालांनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मिसेस खांबेटे, तुम्ही खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. यकृतात सुई घालून पू काढायचा आणि एमेटिन द्यायचं, एवढाच उपाय. पण एमेटिन हृदयाला झेपावं लागतं. त्यांची नाडी आधीच इतकी क्षीण. माझं चुकलं तर क्षयाच्या रोग्याला मी दोन्हीकडून मारीन. आवेचा इतिहास पक्का असता तर मी थांबलो नसतो. घरचे कर्तेच नाही म्हणतात आणि रोगी त्यांच्या तोंडाकडे पाहतो. मी कोणाच्या शब्दावर सुई उचलू?"

"माझ्या."

ते चष्मा चढवून मला दारापर्यंत पोचवायला उठले. त्यांना माझा अपमान करायचा नव्हता, म्हणून तर जास्त संताप आला.

त्या संध्याकाळी मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं. त्या वाटेसाठी दशम्या लाटत होत्या.

"कुटजारिष्ट तुम्हीच दिलंत ना यांना? मग सांगा की भाऊजींना."

"त्यांना काय माहीत नाही?" लाटणं थांबलं नाही. "श्यामराव गेले त्या दिवसापासून त्यांनी ताक सोडलंय. लक्षात आलं का तुझ्या? तू एवढं सगळं निरखतेस."

नव्हतं आलं.

"धारपांची सून मराठी मंडळात भेटली की हे दुसऱ्या दाराने निघून येतात. मठ्ठ्याचं नाव घेतलं तर श्यामरावांचंही घ्यावं लागेल. म्हातारा गेला तो यांच्या हाताने गेला, हे तोंडाने म्हणायचं? माणूस म्हणेल?"

"आणि धाकटा भाऊ गेला तर काय म्हणतील, वहिनी?"

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "अभद्र बोलू नकोस," असं त्या म्हणाल्या, पण पदराने डोळे पुसून लगेच पुन्हा लाटायला लागल्या. मला दोघांचीही दया यायला हवी होती. आली नाही. क्षय झाला म्हणून उद्या लोक आमच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत, ते या घराला चालत होतं. पोट बिघडलं होतं, हे चालत नव्हतं.

वर गेले तर जयंतना उचकी लागली होती. ती दुपारपासून थांबत नव्हती.

"अहो, तुम्ही तरी सांगा. तुमचं पोट आहे. तुमचं यकृत आहे."

"दादाने मला शिकवलं, कालिंदी," उचकीच्या मधेमधे ते म्हणाले. "बाबा गेले तेव्हा... त्याने शाळा सोडली. मी त्याला... खुनी म्हणू?"

"कोणी कोणाला खुनी म्हणत नाहीये. नळ म्हणा, नुसता."

ते हसायला गेले आणि बरगडी धरून वाकले.

रविवारी दुपारी सान्याल प्रवासाआधीचं तपासायला आले. खाली टॅक्सी उभी होती. जयंतना खुर्चीत बसवलं होतं, अंगात नवा लोकरी कोट. उजव्या बाजूला श्वास घेताना छाती हलत नव्हती. डॉक्टरांनी सगळ्यांत खालच्या दोन बरगड्यांच्या मधे बोटाने दाबलं आणि जयंत ओरडले. माझ्या लग्नानंतर त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टर सावकाश उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दिगंबरबाबू, ही दुखण्याची जागा मला आवडत नाही. मी शेवटचं विचारतो."

"गाडीला उशीर होईल," भाऊजी म्हणाले. "तिथले डॉक्टर मोठे आहेत. ते बघतील."

"तिथवर पोचले तर."

भाऊजींनी ते ऐकलं नाही असं केलं. ते देवघरात गेले. आमच्यात माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की देवाला नमस्कार करून हातावर तीर्थ घेतो. भाऊजी दर एकादशीला घाटावर जाऊन तांब्याच्या गडूत गंगा भरून आणत. तो गडू आणि पळी घेऊन ते जयंतसमोर आले. जयंतनी सवयीने उजव्या हाताचा तळवा पुढे केला. उचकीच्या झटक्याबरोबर तळवा वर-खाली होई.

भाऊजींनी पळी भरली. पाणी किंचित मातकट होतं, नदीचं असतं तसं.

मी खूप बोलायचं ठरवलं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. ऐनवेळी तोंडातून आलं ते एवढंच: "थांबा, भाऊजी. उकळून आणते."

पळी जयंतच्या तळव्यावर वीतभर उंच राहिली. भाऊजी त्या पळीकडे पाहत होते. वहिनी दारात होत्या. त्यांच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं. जयंत वर मान करून भावाकडे पाहत होते, हात तसाच पुढे. त्यांनी तो मागे घेतला नाही. दादा जे देईल ते पिणार होते.

मला वाटतं, भाऊजींना ते सहन झालं नाही.

त्यांनी पळी पुन्हा गडूत सोडली. थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. गडू त्यांनी खिडकीत ठेवला, जयंतचा हात दोन्ही हातांनी मिटवला आणि तो मिटलेला हात धरूनच ते डॉक्टरांकडे वळले. ते बंगालीत सुरुवात करून मधेच मराठीत आले. सान्यालांना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी हॅट टेबलावर ठेवली आणि बॅग उघडली.

"महिनाभर आव होती त्याला," भाऊजी म्हणाले. "रक्त पडत होतं. मठ्ठ्यात धुण्याच्या नळाचं पाणी मी ओतलं, या हातांनी. ही तेव्हाच म्हणाली होती. श्यामरावही त्यातच... शारदा, खाली सांग, टॅक्सी स्टेशनवर नाही, इस्पितळात न्यायची आहे. सान्यालबाबू, आजच सुई घाला."